मागे ठेवलेली पेटी

२ ऑक्टोबर

झिपऱ्या,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. उगाच तुला वाटायचं, ताईला काहीतरी झालंय. मी ठणठणीत आहे. काम आहे म्हणून लिहितेय. फोन करत नाही, कारण वरचा टॉवर मागच्या वादळात पडला तो अजून आडवाच आहे. तो उभा असता तरी मी कागदच घेतला असता. फोनवर तू 'हं' आणि 'बघू' यांच्यापलीकडे जात नाहीस.

तर नमनाला घडाभर तेल नको. मागच्या हिवाळ्यात आपल्या मधमाश्यांच्या निम्म्याहून जास्त पेट्या गेल्या. बर्फ वितळल्यावर झाकणं उघडली तर आत माश्या एकमेकींना बिलगून बसलेल्या, जशाच्या तशा, आणि सगळ्या मेलेल्या. बाबांनी एकेक झाकण परत लावलं. या वर्षी थंडी लवकर येणार अशी लक्षणं आहेत. मेंढपाळ आत्ताच खाली उतरायला लागलेत. उरलेल्या पेट्या इथेच ठेवल्या तर वसंतात मला झाकणं उघडायचं धैर्य होणार नाही.

म्हणून ठरवलंय की पूर्वीसारखं माश्यांना खाली न्यायचं. पण आपण न्यायचो त्या पठारावर आता नुसती गोदामं उभी आहेत. फुलं हवी असतील तर सीमा ओलांडून थेट समुद्रापर्यंत जायला हवं. तुझ्या सासऱ्यांची बाग तिथे आहे, ती आता तुझी बायको बघते, आणि हिवाळाभर तिथे काही ना काही फुललेलं असतं, ही सगळी माहिती मला भोंग्याने दिली. भोंगा म्हणजे इथला ट्रकवाला. दर आठवड्याला खाली सफरचंदं नेतो, वर मीठ आणतो. त्याच्या गाडीचा भोंगा मोठा की त्याचं तोंड, हे अजून ठरायचंय. हे पत्र त्याच्याच हाती देतेय, तेव्हा पाकीट उघडं दिसलं तर नवल मानू नकोस.

मला तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. बागेत पेट्यांना जागा, आणि रस्ता. घाट उतरल्यावर थांबायचं कुठे, सावली कुठे, पाणी कुठे, सीमेच्या फाटकाशी गर्दी कधी नसते. त्या रस्त्यावर तू गाडी चालवलीयस. मी आयुष्यात ड्रायव्हरच्या शेजारीच बसत आले.

बाबांना मी सांगितलंय, बाग एका ओळखीच्या बागायतदाराची आहे. हे काही खोटं नाही. तुझी माझी ओळख आहे.

बाबा उत्तम आहेत. तुला माहीत नसलेलं एक खूळ तेवढं आहे. संध्याकाळी बाहेरचं दार सताड उघडं टाकून स्टुलावर बसतात, पार अंधार पडेपर्यंत. म्हणे हवा येऊ दे. मी शाल गुंडाळून चुलीपाशी उभी असते. ती कडी अजून सैलच आहे, दार वर उचलून लोटल्याशिवाय बसत नाही. मी म्हटलं, कडीला कंटाळले असतील.

उत्तर भोंग्याबरोबरच दे. तो परत निघायच्या आधी दे, 'बघू' म्हणू नकोस.

ताई


११ ऑक्टोबर

झिपऱ्या,

पोचलं. उत्तर म्हणायचं की रेल्वेचं वेळापत्रक, ते तूच ठरव. थांबे लिहिलेस, वळणं लिहिलीस, फाटक सकाळी लवकर गाठा, दुपारच्या रांगेत पेट्या तापतील, हेही लिहिलंस. जागा आहे, असं दोन शब्दांत लिहिलंस. बाबा कसे आहेत, हे विचारायला शाई संपली का? समुद्राकाठी बसून तुझं हे उंटावरून शेळ्या हाकणं बरं आहे.

असो. कामाचं बोलू.

बोगद्याचं काम अजून अर्धंच आहे, म्हणजे जुन्या घाटातूनच जायचं. आम्ही संध्याकाळी निघणार, रात्रीत घाट उतरणार, दिवसा मैदानात थांबून माश्यांना बाहेर सोडणार, त्या परत आल्या की दारं लावून सीमेकडे. पशुवैद्य येऊन गेले. प्रत्येक पेटीत डोकावले, आणि माश्यांना रोग नाही म्हणून दाखला दिला. जाताना दोन ठिकाणी चावून घेतलं बिचाऱ्यांनी. मुदत फार थोडी आहे त्या दाखल्याला. ती संपली की पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि तोवर घाट बंद. परवाना माझ्या नावावर घेतलाय, कारण सीमेवर सही करणारा माणूस पेट्यांबरोबर पोचायच्या ठिकाणापर्यंत जायला हवा, असा नियम आहे. मधेच कोणाच्या हवाली करून परत फिरता येत नाही.

बाबा तयारीला लागलेत. खाटेवर बसून डोळे मिटून सगळा रस्ता म्हणतात, पाढे म्हणावेत तसा. कुठे उतार, कुठे पूल, कुठे गाडी दुसऱ्या गिअरला टाकायची. गेल्या आठवड्यात सगळ्या पेट्यांच्या दारांसाठी नव्या जाळ्या कापल्या. मी म्हटलं, मी कापते. म्हणाले, "तू जाळी कापशील आणि कोपरा ठेवशील. त्या कोपऱ्यातून राणी बाहेर येऊन मला विचारेल, हे कोणी केलं?"

पण काल मी तुझे थांबे वाचून दाखवले, आणि कालव्याकाठी पंपघराच्या मागे, असं आलं तिथे त्यांनी डोळे उघडले.

"ही जागा बागायतदाराला कशी माहीत?"

मी म्हटलं, भोंग्याने सांगितली.

"हं," म्हणाले.

तुझा तो 'हं' कुठून आलाय ते मला आत्ता कळलं. खाण तशी माती.

त्यांना थोडा खोकला आहे. हवा बदलली की सगळ्यांनाच होतो. तू काही मनावर घेऊ नकोस. तसाही घेणार नाहीस.

ताई


२० ऑक्टोबर

झिपऱ्या,

बिंग फुटलं. आणि फोडलं कोणी, तर भोंग्याने.

परवा संध्याकाळी तो मिठाची पोती टाकायला आला. बाबा दारातच बसलेले. त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "काय रे, पंपघरामागे अजून सावली आहे का?" आणि हा शहाणा म्हणतो, "कुठलं पंपघर, काका? मी तर नेहमी धाब्यावर थांबतो." मी आतून डोळे मोठे करतेय, हात हलवतेय, पण तो माझ्याकडे बघून विचारतो, "ताई, डास आहेत का?"

तो गेल्यावर बाबांनी मला समोर बसवलं. म्हणाले, "ती जागा त्याने शोधली होती. पहिल्यांदा गाडी त्याच्या हातात दिली त्या वर्षी. मला झोप लागली होती, आणि जाग आली तर गाडी सावलीत आणि माश्या बाहेर. ती जागा मी आणि तो, दोघांनाच माहीत." मग विचारलं, "बाग कोणाची?"

मी सांगून टाकलं. तुझी बाग, तुझी बायको, तुझी मुलगी पाच वर्षांची झाली हेही. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. ते उठून शेडमध्ये गेले आणि एक जुनी पेटी काढून तिला रंग द्यायला बसले.

कुठली पेटी ते तुला सांगायला नको. पण मी सांगणार आहे, कारण तुझ्या तोंडून त्या दिवसाबद्दल मी कधी अवाक्षर ऐकलं नाही आणि त्यांच्याही नाही. दोघांच्या मधल्या भिंतीला कान लावून मी इतकी वर्षं बसलेय.

आपल्या घरात पेट्या हलवायच्या तर दोनच नियम. संध्याकाळी शेवटची माशी घरी आल्याशिवाय दार लावायचं नाही. आणि तरीही कोणी बाहेर राहिलीच असेल, तर तिच्यासाठी एक पेटी जुन्या जागी मागे ठेवायची आणि तिच्यापाशी माणूस ठेवायचा. राहिलेल्या भटकून येतात आणि त्या पेटीत शिरतात. दोन दिवसांनी ती पेटी उचलायची. बाबांनी रंगवायला काढली ती हीच. तू त्या वर्षी भर दुपारी दारं लावलीस. ऊन होतं, निम्म्या माश्या बाहेर होत्या. तुला संध्याकाळच्या आत फाटक गाठायचं होतं, आणि पलीकडे कोण वाट बघत होतं ते आता सगळ्यांना माहीत आहे. बाबा बाजारातून आले तर पेट्या नाहीत, गाडी नाही, आणि मागची पेटीही नाही. माश्या नुसत्या दगडांवर बसल्या होत्या, पेट्या जिथे असायच्या त्या दगडांवर. रात्री थंडी पडली. सकाळी मी त्या झाडूने गोळा केल्या.

त्यावर ते तुला चारचौघांत जे बोलले तेही मला ठाऊक आहे. "ज्याला वाट बघता येत नाही त्याने पेटीला हात लावू नये." तू किल्ली टेबलावर ठेवलीस आणि गेलास. ते बोलले ते जास्त होतं, असं मला तेव्हाही वाटलं होतं आणि आताही वाटतं. पण तू दुपारी दारं लावलीस हेही खरंच आहे ना? मी कोणाच्या बाजूने बोलू?

आता दुसरं. खोकला थोडा नाही. उन्हाळ्यापासून आहे. डॉक्टरांनी छाती तपासली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की यांच्या छातीवर आणखी एक हिवाळा बसला तर निभणार नाही, बर्फाच्या आत खाली न्या. बाबांना मी फक्त हवापालट म्हणून सांगितलंय. तुला 'उत्तम आहेत' असं लिहिलं, कारण मला वाटलं, तू नुसता माश्यांसाठी हो म्हणालास तर बरं. दयेपोटी हो म्हटलेलं त्यांना वासाने कळतं.

तेव्हा हा सगळा खटाटोप माश्यांसाठी आहे, आणि नाहीही. पेट्या खाली गेल्या की बाबा मागोमाग येतील, एवढाच माझा हिशेब. एरवी ते या घरातून हलणार नाहीत.

ताई


२८ ऑक्टोबर

झिपऱ्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. 'त्यांनी स्वतः बोलावलं तर मी वर येऊन त्यांना घेऊन जाईन.' छान. सुंदर अक्षर आहे.

मी हे वाक्य त्यांना वाचून दाखवलं. ते रंधा मारत होते. रंधा न थांबवता म्हणाले, "बोलवायचं कशाला? मी कुठे दार लावलंय त्याला?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर दोन सुंभ आहेत, एक डोंगरावर जळतोय आणि एक समुद्राकाठी, आणि धूर माझ्या डोळ्यांत जातोय.

आता खरी गोष्ट ऐक, आणि उभा असशील तर बस. ते येत नाहीयेत.

काल जेवताना सांगितलं, अगदी सहज. "तू पेट्या घेऊन पुढे हो. मी मागच्या पेटीपाशी थांबतो." मी म्हटलं, बाबा, एवढ्या थंडीत दुपारी तासभर ऊन येतं, तेवढ्यात माश्या जेमतेम दारापर्यंत जाऊन येतात. बाहेर राहणार कोण? म्हणाले, "राहिलं असेल कोणी." मी म्हटलं, मग मी थांबते, तुम्ही जा. म्हणाले, "परवाना तुझ्या नावावर आहे." मी म्हटलं, शेजारच्या काकू थांबतील. तर काकू स्वतःच या आठवड्यात लेकीकडे खाली चालल्यात. त्यांना हे सगळं आधीच माहीत होतं. सगळी दारं बघून ठेवली होती आणि मग बोलले.

"दोन दिवसांनी भोंग्याच्या मेहुण्याबरोबर येतो," म्हणाले. भोंग्याचा मेहुणा शेवटची मिठाची खेप घेऊन वर येणार आहे, हे खरं. पण बाबा त्याच्याबरोबर खाली येणार नाहीत, हेही तितकंच खरं. मी त्यांना ओळखते. ते मेहुण्याला चहा पाजतील, ताजी हवा किती चांगली असते ते सांगतील, आणि परत पाठवतील. मग घाट बंद होईल. आणि वसंतात मी येऊन झाकण उघडेन.

अक्षर वाईट आलंय, समजून घे.

मी काय करू? पेट्या ठेवून थांबले तर पेट्या मरतील. दाखल्याची मुदत पुढच्या आठवड्यात संपते. पेट्या मेल्या तर ते कशासाठी जगतील, हे मला माहीत नाही. पेट्या घेऊन गेले तर ते एकटे राहतील. मी रात्रंदिवस हेच उलटंपालटं करतेय. तुला विचारतेय, कारण विचारायला दुसरं कोणी नाही. मला तुझा राग आहे, झिपऱ्या, फार राग आहे. त्यांचा त्याहून जास्त आहे. पण त्यांच्यावर मी ओरडले की त्यांना खोकला येतो, मग मला गप्प बसावं लागतं.

आम्ही पाच तारखेला संध्याकाळी निघू. सहाला कालव्याकाठी. सातच्या सकाळी फाटकाशी. काय ते उत्तर भोंग्याबरोबर पाठव. 'बघू' लिहिलंस तर पाकिटात घालून परत पाठवेन.

ताई


६ नोव्हेंबर, कालव्याकाठी

झिपऱ्या,

भोंगा रिकाम्या हाताने आला. म्हणाला, "त्यांनी वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं, आणि मला म्हणाले, ठीक आहे." ठीक आहे म्हणजे काय? हे 'बघू'च्या अलीकडचं की पलीकडचं?

इथे टॉवर आहे. तुझा नंबर दोनदा लावला आणि वाजायच्या आत दोनदा कापला. फोनवर तू नाही म्हणालास तर पुढे मला गाडीत बसवणार नाही. भोंग्याचा मेहुणा आज सकाळी इथेच भेटला. तो सीमेपलीकडून मीठ भरायला चाललाय आणि उद्याच माल घेऊन वर निघेल. त्याचा आज रात्रीचा मुक्काम तुझ्या गावात आहे. त्याच्या हाती हे देतेय.

पंपघर आहे. सावलीही आहे, तू लिहिलीस तशी. माश्या बाहेर आहेत, आणि मी ट्रकच्या पायरीवर बसून लिहितेय. भोंगा पेट्यांपासून शंभर हात लांब उभा राहून मला सूचना देतोय.

काल संध्याकाळी बाबांनी स्वतः दारं लावली. मला हात लावू दिला नाही. प्रत्येक पेटीपाशी वाकायचे, कान लावायचे, थांबायचे, मग जाळी बसवायचे. मधेमधे खोकला आला की पेटीला हात टेकून उभे राहायचे. भोंगा घाई करत होता, आभाळ भरून आलं होतं. ते म्हणाले, "ती बघ, एक येतेय." मला काही दिसलं नाही. पण आम्ही थांबलो.

शेवटी मागची पेटी नेऊन त्यांनी त्या दगडांवर ठेवली. नवा रंग, दार उघडं. मी त्यांच्या पाया पडले नाही, काही बोललेही नाही, औषधं कुठे ठेवलीत एवढं सांगितलं. कारण तोंड उघडलं असतं तर मी गाडीत बसले नसते. गाडी वळणावर गेली तेव्हा आरशात बघितलं. घराचं दार उघडं होतं, आणि ते स्टूल बाहेर काढत होते.

झिपऱ्या, मला मागे वळता येत नाही. पेट्या भरलेल्या आहेत, उद्या सकाळी माझ्या नावाची सही व्हायची आहे, आणि एकदा सही झाली की मला पुढेच जायचंय. तुला काय करायचंय ते मी सांगणार नाही. सांगून कोणी कधी काही केलं नाही आपल्या घरात. उद्या सकाळी मी फाटकाशी असेन, एवढंच लिहिते.

ताई


१२ नोव्हेंबर, तुझ्या घरी

झिपऱ्या,

पत्ता लिहिताना गंमत वाटली. आजवर मी डोंगरातून तुझ्या समुद्राच्या पत्त्यावर लिहीत आले, आणि आज समुद्राकाठी बसून पाकिटावर आपल्याच घराचा पत्ता घातलाय. घाट चार दिवसांपूर्वी बंद झाला. म्हणजे हे पत्र तुला बर्फ वितळल्यावर मिळेल, आणि तोवर यातलं सगळं शिळं झालं असेल. तरी लिहितेय. सवय लागलीय.

फाटकाशी तू येशील, असं मला वाटलं नव्हतं. तुझी मोटार दिसली तेव्हा मी भोंग्याला म्हटलं, तो असाच दुसरा कोणी असेल, केस बघ किती व्यवस्थित आहेत. तू जवळ आलास आणि माझ्याकडे बघितलंच नाहीस. आधी केबिनमध्ये बघितलंस. मग वळसा घालून पलीकडच्या दारातून पुन्हा बघितलंस, जसं काही ते सीटखाली लपलेत. मला तेव्हा तुझा सगळा राग गेला, हे तुला सांगायचं राहिलं. वेळ कुठे होता.

"मागे काय राहिलंय?" विचारलंस.

"पेटी."

"पेटीपाशी कोण आहे?"

तुझं तोंड बघूनच मला रडू फुटलं. फाटकावरचा शिपाई म्हणाला, बाई, माल खराब झालाय का? आणि तू म्हणालास, "ताई, तू पुढे हो, पेट्या तापतील." माझ्या हातात तुझ्या घराची किल्ली ठेवलीस. भोंग्याचा कोट मागून घेतलास, जो तुला आखूड होता. मोटार घाट चढणार नाही म्हणून तिथेच सोडलीस, मेहुण्याच्या ट्रकमध्ये मिठाच्या पोत्यांशेजारी चढलास आणि गेलास. इतक्या वर्षांनी भेटलो आणि भांडायलासुद्धा मिळालं नाही.

पेट्या सुखरूप आहेत. एकही दगावली नाही. माझी भावजय (आता तिला 'तुझी बायको' म्हणणं मी सोडलंय) मला थेट बागेत घेऊन गेली. पेट्यांसाठी ओटे तयार होते, तोंडं सकाळच्या उन्हाकडे, बाबा करतात तशी. मी म्हटलं, इतक्या लवकर कधी बांधले? ती म्हणाली, "लवकर कुठले? लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात बांधले. दर वर्षी गवत काढतात." मग तीच म्हणाली, "मी कधी विचारलं नाही. विचारलं की 'बघू' म्हणतात." आमचं छान जमेल असं दिसतंय. तुझ्या पोरीला मी पेट्यांपाशी कसं उभं राहायचं ते शिकवलं. ती मला विचारते, बाबा कधी येणार, आणि मी म्हणते, तुझे की माझे?

पण रोज संध्याकाळी माझा जीव थाऱ्यावर नसायचा. तू वर पोचलास का, ते कसे आहेत, तुला आत घेतलं का, काही कळायला मार्ग नव्हता. आज मेहुणा आला. घाट बंद व्हायच्या आत उतरलेली शेवटची गाडी त्याची. त्याला दारातच उभा करून मी सगळं वदवून घेतलं, त्याला चहासुद्धा नंतर दिला. तो भोंग्यासारखा नाही. एकेक शब्द उपटून काढावा लागतो.

त्याने सांगितलं ते असं. तुम्ही पोचलात तेव्हा संध्याकाळ होती, बर्फ भुरभुरायला लागलं होतं. घराचं दार सताड उघडं, आत दिवा, आणि बाबा उंबऱ्याशी स्टुलावर, अंगावर माझी शाल. तू मागच्या पेटीपाशी थांबलास, वाकून कान लावलास. मग उंबऱ्यापर्यंत गेलास आणि तिथेच उभा राहिलास.

बाबा म्हणाले, "उशीर केलास."

तू म्हणालास, "हो."

मेहुण्याने त्यांच्या अंगाला हात लावून बघितला तर ताप फणफणलेला. अशा अंगाने, बर्फात, उघड्या घाटातून त्यांना नेणं बरं नाही, असं तू म्हणालास. तू डॉक्टरांकडून वाटेत औषधं घेतली होतीस, ती दाखवलीस, आणि मेहुण्याला म्हणालास, "तू निघ, घाट अडकेल. मी थांबतो इथे." त्याने गाडी चालू केली. निघताना त्याला बाबांचं आणखी एक वाक्य ऐकू आलं. मी ते त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, तो मला वेडी समजला असेल.

"आत ये," ते म्हणाले. "आता दार लाव."

मी इतकी वर्षं त्या दारापाशी शाल गुंडाळून चिडचिड करत उभी होते, आणि मला वाटत होतं, त्यांना हवा हवीय.

ताप उतरला का, ते मला माहीत नाही. छातीचं काय, तेही नाही. वसंतापर्यंत कळणार नाही, आणि तोपर्यंत मी इथे रोज जीव मुठीत धरून माश्या सांभाळणार आहे. भीती वाटते, आणि ती जात नाही. पण ते एकटे नाहीत. चुलीशेजारच्या डब्यात मध आहे, मोहरीचं तेल फडताळात वरच्या खणात, जाड गोधडी माझ्या खाटेखाली. त्यांना रात्री पाठीशी उशी लागते. मागू देऊ नकोस, तूच ठेव, मागणार नाहीत. मागच्या पेटीवर गोणपाट घाल. आणि तुम्ही दोघं आता एका खोलीत आहात, बाहेर जायला वाट नाही, तेव्हा भांडायचं असेल तर सावकाश भांडा. हिवाळा मोठा आहे.

दार नीट लावलंस ना? ती कडी सैल आहे, दार वर उचलून लोटावं लागतं. विसरला नसशील.

ताई